भर दुपारी ओढलेले पडदे

“सख्ख्या मेव्हण्याला फ्रीझरच्या खोलीत कोंडायचं, बाहेरून कडी घालायची, वर गाणं गुणगुणत भांडी घासायची. आणि हे आपण संध्याकाळचं खाणं खाताना बघायचं,” आयरीन चहात बिस्किट बुडवता बुडवता पुटपुटली.

“आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातल्या पाई अख्खी गल्ली खाते,” थेल्मा म्हणाली.

“त्या पाईंत काय होतं, ते अजून सांगितलेलं नाही.”

“सांगतील.”

“सांगू देत. ऐकायला मी नसेन.”

आयरीन टेंटर स्ट्रीटवर थेल्माच्या भिंतीला भिंत लावून राहायची. ‘हॉलिन्स रो’ ही मालिका दोघी बावीस वर्षं बघत होत्या, पण आयरीन मांडीवर वही घेऊन बघायची. मालिकेतल्या चुका ती त्या वहीत टिपायची. बर्नार्ड खाटकाच्या लग्नाला मागच्या वर्षी नऊ वर्षं झाली होती, मग यंदा लग्नाचा बारावा वाढदिवस कसा? मोनाचा डावा हात मोडला होता, मग झोळी उजव्या हाताला का? तिसरी वही भरत आली होती. पण त्याच मोनानं बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे बर्नार्डला, त्याच्याच दुकानात गोठवून मारलं, तेव्हा आयरीननं वही मिटली आणि थेट वाहिनीला पत्र लिहिलं. खाली गल्लीतल्या तेवीस जणांच्या सह्या. शेवटचं वाक्य असं होतं, “हा किळसवाणा आणि अशक्य प्रकार थांबेपर्यंत आम्ही खाली सही करणारे ही मालिका पाहणार नाही.” आयरीनच्या सहीखाली लगेच थेल्माची सही होती.

सही करायला थेल्माला काहीच वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या सोमवारी, साडेसात वाजता.

थेल्माचा नवरा क्लिफ घरात नव्हता त्याला बरीच वर्षं झाली होती. तो आइल ऑफ मॅनला बस चालवतो, तिकडे पगार बरा मिळतो, असं थेल्मा सांगायची आणि लोक मान डोलवायचे. नाताळात आणि तिच्या वाढदिवसाला क्लिफचं कार्ड शेकोटीवरच्या फळीवर उभं असायचं. ते ती स्वतःच विकत घ्यायची आणि डाव्या हातानं सही करायची. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज यायचा तो साडेसात ते आठ, ‘हॉलिन्स रो’मधून. तो बंद झाल्यावर ती उठायची, बसायची, किटली ठेवायची, काढायची. बुधवारी तिनं एकच कपाट तीनदा लावलं.

रविवारी दुपारी आठवड्याचे सगळे भाग सलग दाखवत. आयरीन रविवारी लेकीकडे जायची. तेवढी एक भिंत निर्धास्त. उरली समोरच्या घरातली डॉट. तिची खुर्ची खिडकीशी असायची आणि नजर दुर्बिणीची. शिवाय ऊन सरळ टीव्हीच्या काचेवर. दोन वाजता थेल्मानं पुढच्या खोलीचे पडदे गच्च ओढले, आवाज अगदी बारीक केला आणि टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतक्या जवळ स्टुलावर बसली.

त्या दिवशी बर्नार्डचा अंत्यविधी होता. त्याची बायको एक शब्द बोलली नाही. नुसती त्याचा एप्रन घडी करत राहिली, पुन्हा पुन्हा, चुकल्यासारखी. थेल्मा इतकी रडली की तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

टेंटर स्ट्रीटवर भर दुपारी पुढचे पडदे ओढायला एकच कारण लागतं. घरात कुणी गेलं की पडदे. हे थेल्माला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्यांच्या मृत्यूला तिनं स्वतः आपले पडदे ओढले होते. पण त्या दुपारी तिच्या डोक्यात फक्त डॉटचे डोळे होते.

साडेतीनला दार वाजलं. थेल्मानं टीव्ही बंद केला, नाक पुसलं आणि दार उघडलं. दारात डॉट होती. काळा स्वेटर, हातात बटाट्याची पाई, अजून वाफ येत असलेली.

“अगं थेल्मा,” डॉट हळू आवाजात म्हणाली, “पडदे बघितले मी.”

थेल्माला वाटलं, झालं. चोरी पकडली गेली.

“आयरीनला सांगू नकोस,” ती म्हणाली.

“तिला कळायला हवंच ना, बाई. असं एकटीनं सोसायचं नसतं.” डॉटनं तिचे सुजलेले डोळे पाहिले, मग फळीवरचं कार्ड पाहिलं. “क्लिफ का?”

आता इथे ‘नाही, बर्नार्ड’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्याआधी सही आठवली, तेवीस जण आठवले, आयरीनची वही आठवली. थेल्मानं तोंड उघडलं, मिटलं आणि रुमालात घातलं.

“बस, बस,” डॉट म्हणाली. “काही बोलू नकोस.”

समोर पोचल्या पोचल्या डॉटनं स्वतःचे पडदे ओढले. मग शेजारच्यांनी. चार वाजेपर्यंत पूर्ण टेंटर स्ट्रीट डोळे मिटून बसल्यासारखी दिसायला लागली. थेल्मा फटीतून बघत होती. एकेक पडदा सरकला की ती म्हणायची, आत्ता जाऊन सांगावं. आणि तेवढ्यात पुढचा सरकायचा.

साडेचारला तीन पाई झाल्या, दोन मटणाच्या. मटणाच्या पाईंना कुणी हात लावत नव्हतं. पाचला आयरीन लेकीकडून थेट आली, डोक्यावर हॅट तशीच. तिच्या मागे मिस्टर पिकल्स, बोल्स या हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबचे सचिव. क्लिफ एके काळी त्या क्लबचा कप्तान होता.

“क्लबचा झेंडा अर्ध्यावर उतरवलाय, थेल्माबाई,” पिकल्स टोपी छातीशी धरून म्हणाले. “शनिवारी सामन्याआधी दोन मिनिटं उभे राहू.”

“अहो, कशाला एवढं,” थेल्मा म्हणाली, आणि हे तिनं अगदी मनापासून म्हटलं.

“पेपरात द्यायचं का?”

“नको,” आयरीन चटकन म्हणाली. “पेपर कुठे कुठे जातो.” मग ती टीव्हीजवळच्या खुर्चीत बसली आणि टेकायला हात मागे नेला. “टीव्ही कोमट आहे हा.”

“ऊन येतं त्याच्यावर.”

“पडदे ओढलेले होते ना?”

थेल्मानं रुमाल डोळ्यांना लावला. आयरीननं हात काढून घेतला.

“अंत्यविधी कधी?” पिकल्सनी विचारलं.

“झाला. तिकडेच.”

“आणि झालं कसं?”

एवढं खोटं एका दिवसात थेल्मानं आयुष्यात रचलं नव्हतं. डोक्यात तिच्या दुपारपासून एकच मृत्यू होता. दुसरा आणायचा कुठून?

“थंडीनं,” ती म्हणाली.

“जूनमध्ये?”

“माशांच्या कारखान्यात. बर्फाची खोली असते. तो आत गेला आणि दार लागलं.”

“पण तो बस चालवायचा ना?” डॉट म्हणाली.

“कारखान्याचीच बस.”

डॉटनं पाईची बशी थोडी पुढे सरकवली. 

“त्या दारांचं असंच असतं,” पिकल्स मान हलवत म्हणाले. “आतून कडी नाही. लाल बटण असतं म्हणा, पण मोनानं आधीच त्याची तार...” आणि त्यांना एकदम खोकला आला.

लाल बटणाची भानगड गुरुवारच्या भागात आली होती, सह्या होऊन आठवडा उलटल्यावर. थेल्मानं पिकल्सकडे पाहिलं. पिकल्सनी डॉटकडे पाहिलं. डॉट पाईच्या कडा मोजत होती. आणि आयरीन, जिनं मोनाची झोळी सोडली नव्हती, तिनं बस आणि बर्फ आणि मासे निमूट गिळले. पिशवीतून वही काढली नाही. तिनं फक्त विचारलं, “उद्या हॅम मी आणू का गं?”

माणसाला नीट पोचवलं की नाही, हे आमच्याकडे हॅमवरून ठरतं. पाई म्हणजे सांत्वन, हॅम म्हणजे शिक्का. हॅम कापलं की तो माणूस गेला, त्यावर पुढे बोलणं नाही. थेल्माला रात्रभर झोप लागली नाही. उद्या सांगायचं, हॅम कापायच्या आधी सांगायचं, असं ती या कुशीवर ठरवायची. त्या कुशीवर वाटायचं, राहू दे की. विधवा म्हटलं की निदान वाक्य तरी पुरं होतं.

सोमवारी पाचपासून गल्ली तिच्या पुढच्या खोलीत जमली. सांगायला ती दोनदा उभी राहिली. पहिल्यांदा कुणीतरी तिला खुर्ची दिली, दुसऱ्यांदा सुरी. तिनं हॅम कापलं. पातळ कापलं, सगळ्यांना पुरलं, मोहरी फिरली, चहाच्या चार किटल्या झाल्या. झालं. क्लिफ गेला.

पण लोक काही जाईनात. सात वाजले. सव्वासात झाले. खुर्च्या करकरायला लागल्या. कुणी गुडघा हलवत होतं, कुणी बशीतला चुरा बोटानं टिपत होतं. जो तो घड्याळाकडे बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायला छताकडे बघायचा. शोकाच्या घरातून साडेसातच्या आधी उठणार कोण? आणि उठून जाणार कुठे, हे सांगणार कोण?

“मी गोडाचं ट्रायफल घेऊन येते,” डॉट म्हणाली. “राहिलंच होतं.” आणि ती सुटली. बाकीच्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तुरुंगाची भिंत ओलांडून एकटीच पळाली.

सात सत्तावीसला पिकल्सनी घसा साफ केला. “क्लिफला ‘हॉलिन्स रो’ फार आवडायचं.”

“फार,” तीन जण एकदम म्हणाले.

“त्याच्या आठवणीसाठी म्हणून, एकदाच...”

सगळ्यांनी आयरीनकडे पाहिलं. आयरीननं हॅटची पिन नीट केली. “गेलेल्या माणसासाठी,” ती म्हणाली, “सही बाजूला ठेवता येते.” आणि टीव्ही तिनं स्वतःच लावला. कारण ती अगदी जवळ बसली होती, कालपासून.

पडद्यावर बर्नार्डच्या घरी अंत्यविधीनंतरचा चहा चालला होता. तिथेही हॅम होतं. मोना ते वाढत होती. मग कॅमेरा दाराकडे वळला, दार उघडलं आणि उंबऱ्यात बर्नार्ड उभा होता. अंगावर एप्रन, भुवयांवर बर्फ.

“छे,” पिकल्स म्हणाले.

“अकरा दिवस फ्रीझरमध्ये,” आयरीन उसळली. “अकरा. आणि भुवयांवरचा बर्फ तसाच. बसमधून आला का काय तो बर्फ सांभाळत?”

“मग काल पुरलं कुणाला?”

“रविवारी तर बायकोनं एप्रन घडी करून पेटीत ठेवला होता. आता अंगावर कुठून आला?”

“तुम्ही रविवारी बघितलंत?”

“तुम्ही नाही बघितलंत?”

“ते जाऊ दे,” पिकल्स काटा हवेत नाचवत म्हणाले. “मुद्दा असा की, मेला म्हणून ज्याचं हॅम खाल्लं तो माणूस असा सरळ दारात येऊन...”

दाराची घंटा वाजली.

पिकल्सचा काटा हवेतच राहिला. आयरीननं थेल्माचं मनगट धरलं, घट्ट. चौदा माणसं दाराकडे बघत होती आणि एकही उठत नव्हतं. मग एकेकाची नजर वळून थेल्मावर आली आणि लगेच खाली गेली.

घंटा पुन्हा वाजली.

थेल्मानं त्यांचे चेहरे पाहिले. स्वतःचं हृदय धडधडतंय हे तिला ठाऊक होतं, त्याचं कारणही ठाऊक होतं. पण यांचं का धडधडावं? जो माणूस खरंच मेलाय असं वाटतं, तो दारात असेल अशी भीती कुणाला वाटते? तिला पेपर आठवला, ‘कुठे कुठे जातो’ तो. फळीवरचं कार्ड दिसलं. दर वर्षी आयरीन ते उचलून पाठीमागून बघायची आणि एक शब्द न बोलता परत ठेवायची. कोपऱ्यावरच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी मागे तशीच असायची.

पत्रपेटीची झडप उघडली आणि डॉटचा आवाज आत आला. “अगं कुणीतरी उघडा की. हात भरलेत, कस्टर्ड बाहीत चाललंय. बर्नार्ड दारातून आत आला का?”

खोलीनं श्वास सोडला. पिकल्स धावत जाऊन तिला आत घेऊन आले. डॉट ट्रायफल धरून उंबऱ्यात उभी राहिली आणि सगळे गप्प का, म्हणून एकेकाकडे बघायला लागली.

थेल्मानं मनगट सोडवलं, उठली, टीव्हीचा आवाज बंद केला. बर्नार्ड काचेमागे नुसताच तोंड हलवत राहिला.

“क्लिफ मेला नाही,” ती म्हणाली. “आइल ऑफ मॅनलाही नाही. इथेच, मॉरकमला आहे. आइस्क्रीमच्या गाडीवरच्या बाईबरोबर. मला सोडून गेला, त्याला सहा वर्षं झाली.”

 आयरीननं पिशवी उघडली, आत हात घातला, आणि वही न काढताच पिशवी पुन्हा मिटली.

“सात,” ती हळूच म्हणाली. “मार्चमध्ये सात झाली, गं.”