ठिगळाचा खांदा

बेलापुरात नामाअण्णा शिंपी भेटायला आले की आजारी माणूस अंथरुणात उठून बसायचा. हातगुणामुळे नव्हे, भीतीमुळे. गावात कोणीही गेलं, की तिरडी बांधण्यापासून राख सावडण्यापर्यंत सगळं अण्णाच बघायचे. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यात गळ्यात सदैव टेप, आणि बोलताना समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची खोड. शिंप्याचीच खोड ती, पण खाटेवर पडलेल्या माणसाला ती कशी वाटावी? वर निघताना ठरलेलं वाक्य असायचंच, "काय काळजी करू नका. मी हाय." आमच्या शेजारचे सोपानराव तापाने कितीतरी दिवस निजून होते. हे वाक्य कानावर पडलं आणि दुसऱ्याच दिवशी म्हातारा काठी टेकत चावडीपर्यंत फिरून आला. तेही मुद्दाम अण्णांच्या दुकानावरून.

मी दुष्काळाच्या साली तिथे पोस्टमास्तर म्हणून गेलो. पोस्ट आणि अण्णांचं दुकान समोरासमोर. मशीनचा आवाज मध्येच बंद पडला, की समजायचं, कोणीतरी गेलं. अण्णा कात्री खाली ठेवत, टोपी नीट करत आणि गिऱ्हाइकाला तसंच बाकावर सोडून चालू लागत. त्या साली प्रवरेचं पात्र कोरडं ठाक पडलेलं आणि सरपणाची मारामार. तरी हातगाडी घेऊन, दारोदार मागून, अण्णा लाकडं जमवीत. मयत श्रीमंताचं की गरिबाचं, पुढचा उजवा खांदा अण्णांचाच. त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांची उजव्या खांद्याची शिवण विरून गेलेली आणि तिथे जाडसर ठिगळ. गावभराचे कपडे शिवणारा हा माणूस, पण स्वतःचा धड असा एक सदरा नव्हता.

या समाजसेवेपायी गिऱ्हाइकांचे मात्र हाल. एका नवरदेवाच्या कोटाला बाही लावता लावता अण्णा उठून गेले, ते लग्न लागायच्या तोंडावर परतले. कच्च्या टाक्यांवरच कोट चढवला. माळ घालायला नवरदेवाने हात उचलला आणि बाही सरळ नवरीच्या हातात आली. मुलाचा बाप चवताळून दुकानात आला, तर अण्णा शांतपणे म्हणाले, "पाटील, लगीन दोन दिस थांबतं. मयत थांबत न्हाई."

अण्णांची आणखी एक ख्याती होती. अण्णा कापड खातात! मी निळ्या पट्ट्यांचं चांगलं कापड नगरहून आणून सदऱ्याला टाकलं होतं. उरलेला तुकडा मागितला तर म्हणाले, "उरलंच न्हाई, मास्तर. तुमी जरा अंगानं भरलाय." मी घरी येऊन आरशात पाहिलं. दुष्काळात मी एकटाच कसा काय भरलो, ते काही उमगेना.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. ही बाळंतपणाला माहेरी न जाता बेलापुरातच राहिली होती. सखूबाई सुईण बाळाला न्हाऊ घालायला यायची. एक दिवस तिने पदराखालून एक झबलं आणि कुंची काढली. "कुनीतरी दिलंय. नाव इचारू नका," एवढंच म्हणाली. कुंची रंगीबेरंगी तुकडे जोडून केलेली, आतून मऊ धोतराचं अस्तर, एकही टाका बाळाला टोचू नये असा आत दुमडलेला. ती बाळाच्या डोक्याला बांधली आणि मी बघतच राहिलो. कपाळावर माझा निळा पट्टा होता!

सखूबाईला धरून बसवलं, तेव्हा कुठे ती बोलती झाली. "गावात एकबी प्वार असं न्हाई, ज्याला अन्नांची कुंची न्हाई. पर मला म्हनत्यात, माझं नाव सांगू नगंस. मढी उचलनाऱ्या हाताचं हाय म्हनून बाया बाळाला घालायच्या न्हाईत." मग म्हणाली, "त्यांची बायकू पयल्या बाळंतपनातच गेली, प्वारासकट. नवीनच आल्ते गावात, ना वळख ना पाळख. चार मानसं जमेस्तोवर दिस कलला. तवापासनं कुनालाबी खांद्यासाठी थांबू दिलं न्हाई त्यांनी."

अण्णांना आम्ही सगळे हसलो होतो, पण बारशाला, डोहाळजेवणाला, हळदीला त्यांना कोणी बोलावल्याचं मला आठवेना. ही एकदम म्हणाली, "आपल्या बारशाला अण्णांना बोलवा. तुम्ही स्वतः जाऊन बोलवा."

मी दुकानात शिरलो. मला पाहताच अण्णांनी मशीन थांबवलं, कात्री खाली ठेवली आणि टोपी सरळ करत उठले. "कोन गेलं, मास्तर?"

"कोणी नाही, अण्णा. उद्या मुलीचं बारसं आहे. तुम्ही यायचं."

अण्णा परत खाली बसले. टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "बारशाला? मी?" मग मान हलवत म्हणाले, "नगं, मास्तर. बायामानसं काय म्हनतील?"

तरी दुसऱ्या दिवशी आले. धुतलेली टोपी, ठिगळाचा सदरा. येऊन उभे राहिले ते दाराबाहेर, चपलांपाशी. मयताच्या घरी तिथेच उभं राहायची सवय. आत बायकांची कुजबुज सुरू झाली. एकीने तर पाळणा जरा आत ओढून घेतला. हिने ते पाहिलं, पाळण्यातून बाळ उचललं आणि सरळ दारात गेली. "घ्या, अण्णा."

अण्णांनी हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले. मग डावा खांदा पुढे केला. "वहिनी, हिकडं द्या. त्या खांद्यावरनं लई मानसं गेली."

"म्हणून तर तोच हवा," ही म्हणाली, आणि बाळाचं डोकं तिने उजव्या खांद्यावर, नेमकं ठिगळावर टेकवलं.

पोरगी जरा कुरकुरली. अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतका हलका, की ठेवलाय की नाही ते कळू नये. "काय काळजी करू नगंस," ते पुटपुटले, "मी हाय." पोरगी गप्प झाली आणि झोपली. अण्णांचे डोळे वाहत होते, पण ती जागी होईल म्हणून त्यांनी ते पुसलेदेखील नाहीत.

आतून बायकांनी हाक मारली, "अगं, बाळाला आण की! नाव ठेवायचं ना?"

"थांबा जरा," ही म्हणाली.

आणि सगळे थांबले.