लाल इंजिनाच्या हरवलेल्या शिट्टीचा तपास

"शिट्टी कुणीतरी पळवलीय, आणि चोर घरातलाच हाय," आमचे हे स्वतःशीच पुटपुटले. मी शेजारी मेथी निवडत बसले होते म्हणून मला ऐकू आलं, असं कुणी समजू नये. यांचं पुटपुटणं गल्लीच्या तोंडाशी वडापावच्या गाडीवरही पोचतं. तिथला पोऱ्या तेल सोडून आमच्या खिडकीकडे बघायला लागला.

आधी ओळख करून देते. केसरीनाथ भोईर, राहणार भिवंडीजवळचं कोन गाव, धंदा तपास. ही ओळख त्यांची त्यांनीच ठरवलेली आहे. त्यांच्या मते त्यांची नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्याची आणि मौन एखाद्या योग्याचं. घारीला चष्मा आहे. वस्तऱ्याबद्दल बायकोने बोलू नये. मौनाचं वर सांगितलंच. यांनी सोडवलेलं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे गॅसचा लायटर. तीन संशयितांची उलटतपासणी झाल्यावर तो गुप्तहेराच्याच खिशात सापडला. मदतनीस मी. पगार नाही, वर चहाही मीच करायचा.

हा धंदा लूम, म्हणजे यंत्रमाग, भंगारात गेल्यानंतरचा. त्याआधी हे भिवंडीत जॉबर होते, म्हणजे लूमचे डॉक्टरच म्हणा ना. अख्खा कारखाना खडखडत असताना हे दारातच उभे राहायचे, मान तिरकी करायचे आणि सांगायचे, मागच्या रांगेतला भिंतीकडचा लूम आजारी आहे. तो असायचाच. शेठ लोक यांना न्यायला गाडी पाठवायचे, ती या कानांसाठी.

तर रेल्वेगाडी. इथे जवळच पूर्णेला एका गोडाऊनमधून गिऱ्हाइकांनी परत केलेला माल लॉटने विकायला निघतो. त्यातून यांनी एक खोकं उचलून आणलं. खोक्यावर हसणारं मूल, आत मेलेली गाडी. लाल इंजिन, दोन डबे, गोल रूळ, आणि लांबून चालवायला रिमोट. सेलच्या घरात हिरवा-पांढरा गंज फुललेला. यांनी ताबडतोब निदान केलं की आधीचा मालक समुद्रकिनारी राहणारा, डावखुरा आणि पुरीभाजीचा शौकीन असावा. चाकाच्या दांडीला लांब केस गुंडाळलेला निघाला, तेव्हा तर डोळे चमकले. म्हणाले, या प्रकरणात बाई आहे. बाई होतीच. केस आमच्या लेकीचा, रुचिकाचा होता, गाडी तिच्या खोलीत फरशीवर ढकलून बघितली होती तेव्हाचा.

पण खरं सांगते, हात अजून जॉबरचे आहेत. लिंबाने आणि जुन्या टूथब्रशने गंज काढला, तुटलेली तार झाळली, चाकांना सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून चढवल्या. एका दातेरी चाकाला चीर होती, ती बांधताना जीभ दातांत धरून असे बसले होते की मी दारातूनच परत फिरले. रिमोटला लागणारे सेल घरात नव्हते. एक भिंतीवरच्या घड्याळातून काढला, दुसरा आईंच्या कानाच्या यंत्रातून. माझ्या सासूबाईंचं यंत्र जुनं आहे, डबी पोलक्यात आणि वायर कानात. "दोन दिवसांनी देतो," म्हणाले. आईंना ते ऐकूच आलं नाही, त्यामुळे हरकत आली नाही.

गाडी धावली. दिवा लागला. मग यांनी रिमोटचं लाल बटण दाबलं.

शिट्टी वाजली. बारीक, टोकदार, दातांत कळ जाईल अशी. मांजर कपाटावर गेलं. रुचिकाने कानांवर हात ठेवले. हे म्हणाले, "शिट्टी मेलीय."

रुचिका माझ्याकडे बघायला लागली, मी मेथीकडे.

आम्हाला नवीन नव्हतं ते. दारावरची बेल "बिघडली" म्हणून यांनी वर्षापूर्वीच उतरवून ठेवली होती. कुकर तीनदा बदलला. गेल्या महिन्यात कल्याण रोडवर टेम्पोने यांच्या स्कूटरचा आरसा उडवला. ड्रायव्हर खाली उतरून शपथा घेत होता की मी कवाचा हॉर्न मारतोय. घरी येऊन यांनी निष्कर्ष काढला की टेम्पोला हॉर्नच नव्हता. त्या दिवसापासून स्कूटर सुरू झाली की परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. पण ज्या माणसाची सगळी अब्रू कानांत आहे, त्याला ते कोण सांगणार? रुचिका एकदा "बाबा, तुमचे कान..." इथपर्यंत गेली आणि चहा हवा का विचारून परत आली. मग घरात कुजबुजून ठराव झाला, सध्या कुणी बोलायचं नाही. यांचे मावसभाऊ लडकू भाऊजी, त्यांनाही ठरावात घेतलं. आईंना तेवढं घेता आलं नाही. त्यांच्या कानात कुजबुजायचं तर वडापाववाल्यालाही ठरावात घ्यावं लागलं असतं.

तपास जोरात सुरू झाला. चोर घरातला म्हणाले होते, तरी पहिला संशय गोडाऊनमधल्या टोळीवर, फक्त शिट्ट्या काढून विकणाऱ्या. दुसरा दापोड्याच्या गोडाऊनांत येणाऱ्या ट्रेलर-ट्रकांवर, ते म्हणे जाता जाता हवेतल्या लहरी ओढून नेतात. लडकू भाऊजींचा तिथेच ट्रान्सपोर्ट, त्यामुळे त्यांचीही चौकशी झाली. भाऊजींनी घाबरून कबूल केलं की लहरी थोड्या ओढल्या जातात. तिसरा माझ्यावर, फरशी पुसताना शिट्टीत पाणी घातल्याचा. मधल्या काळात यांनी इंजिनात त्या उतरवलेल्या बेलचा भोंगा बसवला. शिट्टी दुप्पट झाली. मांजराने खाली यायचं सोडलं.

रविवारी यांनी सगळ्या संशयितांना बाहेरच्या खोलीत बसवलं. एकच शक्यता उरली होती, कमजोर सेल. म्हणून नव्या सेलचं पाकीट आणलं होतं. रिमोटमध्ये नवे घातले, घड्याळ चालू केलं, आणि उदार मनाने आईंच्या डबीतही एक टाकला. आई कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या.

"या खोलीतला प्रत्येक माणूस माझ्यापासून कायतरी लपवतोय," हे म्हणाले.

आयुष्यातला त्यांचा पहिला अचूक निष्कर्ष.

बटण दाबलं. रुचिका पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. भाऊजींनी बंद पंख्याची पाहणी केली. यांनी प्रत्येकाचा चेहरा निरखला, मग कपाटावर पाठ फुगवून उभं राहिलेलं मांजर निरखलं. पुन्हा दाबलं. मांजराचे कान मागे गेले. यांचा अंगठा बटणावरच राहिला.

"अगो," ते मला म्हणाले, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं, "हे मांजर कशाला भितंय?"

मी मांजराला खाली बोलवायला लागले.

"बस कर रं ती शिटी," कोपऱ्यातून आई म्हणाल्या. "कवाशी वाजवतंस. माझं डोकं उठलं."

हे आईंकडे वळले. "वाजते, आये?"

आईंनी अडकित्ता खाली ठेवला. लेकाकडे बघितलं, मग आमच्या खाली गेलेल्या मानांकडे. त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी कानातली वायर काढली, डबीसकट यांच्यापुढे धरली.

"वाजते. तुला आयकाला येत न्हाय, केसरी. मना पन येत नव्हतं. यो घे, कानान घाल. आन् मंग वाजव."