पंचेचाळीस सेंटिमीटरचा नाकतोडा

शिक्षणाचा पाया शिस्त हा आहे, आणि नाकतोड्याला शिस्त नसते. बाळांनो, डोळे मिटा आणि लातूरमधला एक मोठा कोचिंग क्लास मनात आणा. (डोळे मिटून वाचायचे कसे, हे विचारू नका. शंकांसाठी रविवार राखून ठेवला आहे.) एका हॉलमध्ये दोनशे चाळीस मुले, एक फळा, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात कागदावर छापलेला एक नाकतोडा.

नांदेडच्या एका कॉलेजाने कीटकांसारख्या छोट्या रोबोंची स्पर्धा जाहीर केली, म्हणून क्लासचे संचालक रामकिशन सर यांनी ‘कीटक-रोबो फाउंडेशन बॅच’ काढली होती. उडणाऱ्या कीटकांचा भाग लवकरच बदलावा लागला. पंखा लावला की कागदी पंखांचे रोबो खिडकीबाहेर जात, बंद केला की मुले जात. (चक्कर येऊन.) तेव्हा उड्डाण तोंडी घेण्यात आले व त्यात शंभर टक्के मुले उत्तीर्ण झाली.

उरला नाकतोडा. तो आधी मागचे पाय हळूहळू दाबून धरतो, ताण साठवतो आणि मग एकदम सोडतो. यातला दाबून धरण्याचा भाग क्लासला पूर्वीपासून उत्तम येत होता. सोडण्याचा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

चाकूरच्या जिलानी घड्याळवाल्यांची आठवीतली मुलगी हुमा, हिने मात्र खरोखरच रोबो बनवला. गजराच्या घड्याळाची स्प्रिंग, मोडक्या छत्रीच्या काड्यांचे पाय, काडेपेटीएवढे अंग आणि पाठीवर शर्टाच्या बटणाएवढा माइक. भूकंपात पडलेल्या घराच्या फटीतून त्याने आत उडी मारायची आणि आतला आवाज बाहेर पोचवायचा, असा तिचा बेत. नांदेडला ढिगारे उपसणाऱ्या पथकाची माणसे रोबो बघायला येणार होती. तिथे जायला सरांची शिफारस लागे.

सरांपुढे रोबोने उडी मारली. नव्वद सेंटिमीटर. उत्तरतालिकेत पंचेचाळीस होते. पुन्हा संधी देण्यात आली, पण रोबोने चूक सुधारली नाही.

“बेटा, उडी चांगली हाय,” सर मायेने म्हणाले. “पण उत्तर चुकलं.”

चुकीचा एक गुण वजा झाला. उपायही सुचवण्यात आला. पाठीवर शिशाचा तुकडा बांधला की उडी बरोबर पंचेचाळीसवर येई, आणि मग शिफारस मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी जिलानीभाई क्लासवर आले.

“सर, किल्लारीच्या भूकंपाच्या टायमाला मी फटीत हात घातला व्हता,” ते हळू म्हणाले. “कोपरापर्यंतच गेला. आवाज दोन हात आत व्हता. तुमचं पंचेचाळीस सेंटिमीटर मला लई वर्षांपासून पाठ हाय.”

सरांनी हा आक्षेप वहीत रीतसर नोंदवला. उत्तरतालिकेवरचे आक्षेप चोवीस तासांत घेतले जातात. घटना त्र्याण्णव सालची असल्याने तो मुदतीत बसला नाही.

निवडीच्या दिवशी हॉल मुलांबरोबर पालकांनीही भरला. पंचेचाळीसवर लाल फीत ताणली होती. हुमाने रोबो ठेवला. मग पाठीवरचे शिसे सोडले, पंख्याने कागद उडू नये म्हणून सरांच्या उत्तरतालिकेवर ठेवले, आणि खटका सोडला. नाकतोडा फीत ओलांडून नव्वदवर जाऊन बसला.

मग उमरीहून आलेले श्रीमंतराव नावाचे पालक उठले आणि सगळ्यांच्या मनातले बोलले. “सर, हे परीक्षेला येतं का?”

येत नव्हते. दोनशे एकोणचाळीस वह्या एकदम मिटल्या. सरांच्या वहीत नोंद झाली : उडी नव्वद, अपेक्षित पंचेचाळीस, आणखी एक गुण वजा, शिफारस नाही.

आणि बाळांनो, तुम्ही? किल्लारीला त्या दिवशी नव्वद सेंटिमीटर आत कोण हाक मारत होते, हे तुम्हीही विचारले नाहीत. हुमाचे एकूण गुण किती झाले, हेच शोधत इथवर आलात ना? उणे दोन. लाजू नका, पुढच्या बॅचमध्ये तुमच्यासाठी जागा आहे.

हुमाने काय केले? तिने रोबो उचलला, त्याचे पाय पुन्हा दाबून धरले आणि वडिलांना म्हणाली, “अब्बा, हात लांब करा. जिथं तुमचा हात संपतो, तिथून पुढं मोजू.”