बद्द वाजतंय

हुपरे आप्पांनी मला खोली भाड्यानं देण्याआधी माझं नाव विचारलं नाही. दारात उभं करून एवढंच म्हणाले, "तुला चांगलं काय येतंय ते सांग."

मी म्हणालो, सायकलचं पंक्चर काढता येतं. कसं काढतोस ते सांग, असा हुकूम झाला आणि आप्पांनी खरोखरच डोळे मिटले. ट्यूब, पाण्याची बादली, बुडबुडे, कानस, सोल्युशन, सगळं मी क्रमानं सांगितलं. "खणखणीत," आप्पा म्हणाले. "आता कालेजात काय शिकतोस ते सांग." मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं थर्मोडायनॅमिक्स सांगायला घेतलं. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी डोळे उघडले.

"बद्द वाजतंय."

खोली मिळाली, पण ही दोन विशेषणं तेव्हापासून मानगुटीवर बसली ती बसलीच.

आप्पा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चेकर होते. ओतून तयार झालेला लोखंडी जॉब उचलायचा, त्यावर छोट्या हातोडीनं टक्कन मारायचं आणि कान द्यायचा. जॉब आतून सलग असला की खणखणीत वाजतो, आत चीर किंवा पोकळी असली की बद्द. चांगल्यावर खडूनं बरोबरची खूण, वाईटावर फुली. पंचवीसेक वर्षं हेच काम केल्यामुळे हातोडी त्यांच्या लेंग्याच्या खिशातच राहायची आणि खडू कानावर. बाजारात त्यांना लांबून येताना बघून माठवाली बाई माठांवर पोतं टाकायची. गल्लीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका पाटलांनी वाजतगाजत घंटा दिली, तेव्हा भर कार्यक्रमात आप्पांनी हातोडी मारून ती बद्द असल्याचं जाहीर केलं. पाटील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. घंटा खरंच बद्द होती, हे मी स्वतः वाजवून पाहिलं आहे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या टेंबलाईवाडीत आप्पांचं घर होतं. वर दोन खोल्या कॉलेजच्या पोरांना दिलेल्या आणि खाली आप्पा आणि त्यांची बायको अक्का, दोघंच. मी गडहिंग्लजकडचा. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात दोनदा गचकलो होतो. वडिलांनी बजावलं होतं, तिसऱ्यांदा नापास झालास तर वळकटी बांधून घरी ये, मामाच्या पिठाच्या गिरणीत माणूस हवा आहे. मामा वाटच बघत होता. त्यानं माझ्या मापाचा एक जुना शर्टही बाजूला काढून ठेवला होता, पिठात वापरायला.

हे मी आप्पांना मान खाली घालून सांगितलं. त्यांना काहीच वाटलं नाही. "रिजेक झालेला जॉब कोण उकिरड्यावर टाकतंय व्हय? वितळवायचा आन परत वतायचा. लोखंड त्येच असतंय." दोनदा नापास झालेल्या माणसाशी त्या वर्षात कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

आप्पा जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं. मग झोपेपर्यंतचा वेळ मोकळा. इतर माणसं तेव्हा टीव्ही बघतात. आप्पा सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, लाकडी स्टूल मांडून पोरं तपासायचे. मी, माझा खोलीमित्र आणि शेजारपाजारची दोनचार पोरं. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून मी गडहिंग्लज आणि माझा मित्र इचलकरंजी. आप्पांची शाळा सातवीतच सुटलेली. विषयातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. "इषय कळत न्हाय, आवाज कळतो," हे ते अभिमानानं सांगायचे.

नियम मात्र कडक. दिवसभरात जे वाचलं ते पुस्तक मिटून सांगायचं. तेही आज वाचलेलं आज नाही. "वतलं की लगीच साच्याची पेटी फोडत न्हाईत. गार हुंदे. उद्या सांग." कुठला धडा हे आपण ठरवायचं नाही. लॉटमधला कुठलाही जॉब उचलावा तसं आप्पा पुस्तकात कुठंही बोट घालत आणि ते पान सांगायला लावत. नेमकं आपण टाळलेलंच पान तिथं निघे. अडखळलं की एकच शब्दप्रयोग, "परत सांग." आणि शेवटी शर्टाच्या पाठीवर खडूनं खूण. मी एकदा फुली झटकायची विसरून तसाच कॉलेजला गेलो, तर वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, टेलरनं शर्ट अर्धवटच दिला का?

एकदा मी मोठ्या हौसेनं माझं पुस्तक दाखवलं. महत्त्वाच्या ओळींखाली लाल, निळ्या, हिरव्या रेघा मारलेल्या. आप्पांनी पानं उलटून पाहिली. "पुस्तक रंगीवलंस, झ्याक केलंस. पर त्येला कुटं परीक्षा हाय?" गाइडमधली उत्तरं पाठ करणाऱ्यांना ते पुट्टीवाले म्हणत. फाउंड्रीत म्हणे काही बहाद्दर जॉबमधल्या भोकात पुट्टी भरून वरून रंग मारतात. जॉब दिसायला देखणा होतो, वाजवला की पितळ उघडं पडतं. जागरण करणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग. भट्टी सतत पेटती ठेवली की तिचं अस्तर जळतं, असं सांगून ते साडेदहाला वरच्या खोल्यांचा फ्यूजच काढून उशाशी घेऊन झोपायचे.

इचलकरंजीनं त्यांना फसवायचा एक प्रयत्न केला. केमिस्ट्री सांगायच्या ऐवजी त्यानं स्टुलावर बसून इंग्रजीतून क्रिकेटची कॉमेंटरी ठोकली. एक ओव्हर, दोन चौकार, एक झेल. आम्ही तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. आप्पा डोळे मिटून शांतपणे ऐकत होते. शेवटी "खणखणीत" म्हणाले आणि पाठीवर बरोबरची खूण मारली. आम्ही हसून लोळायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "त्येला किरकेट चांगलं येतंय. आता केमेस्ट्री सांग म्हणावं."

माझं घोडं एन्ट्रॉपीपाशी अडायचं. व्याख्या पाठ होती आणि ती रोज बद्द वाजायची. एका संध्याकाळी आप्पांनी मला स्टुलावरून उठवून आत पाठवलं. अक्का कोपऱ्यात दिव्याखाली तांदूळ निवडत होत्या. त्यांना सांग, म्हणे. मी व्याख्या म्हटली. अक्कांनी खडा काढून बाजूला टाकला आणि माझ्याकडे फक्त बघितलं. मग त्यांच्या सुपाकडे बघत मी म्हणालो, अक्का, तांदळात खडे आपोआप मिसळतात, पण आपोआप निवडले जात नाहीत. जगात सगळ्याचं असंच असतं. मिसळण्याकडे ओढा. अक्का म्हणाल्या, "मिसळाय येक मिनिट, निवडाय तास. ह्ये शिकाय तू गडहिंग्लजासनं हितं आलास?"

सोप्यातून आप्पा ओरडले, खणखणीत. ते अक्कांना होतं की मला, हे कळलं नाही, पण एन्ट्रॉपी त्या दिवशी माझ्या डोक्यात बसली.

दिवाळीनंतर आप्पांनी पद्धत बदलली. आता स्टुलावर त्यांच्याकडे पाठ करून बसायचं आणि ते त्यांचा डावा तळवा आपल्या दोन खांद्यांच्या मधे ठेवणार. हात कसला, खरखरीत फळीच. आम्हाला वाटलं, म्हातारा मायाळू व्हायला लागला. इचलकरंजी म्हणाला, आशीर्वाद आधीच देऊन ठेवतायत, निकाल बघून द्यायची हिंमत होणार नाही म्हणून.

एप्रिलमधे माझा पेपर आला. आदल्या दिवशी दुपारी अक्कांनी मला परसात पाठवलं, आप्पांना चहाला बोलवायला. ते माझ्याकडे पाठ करून कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी तीनदा हाक मारली. तेवढ्यात शेजारच्यांच्या गच्चीवरून एक पत्रा सुटला आणि आप्पांच्या मागं चारपाच हातांवर फरशीवर आदळला. असला आवाज झाला की गल्लीतली माणसं बाहेर आली. आप्पा पाणी घालत राहिले.

मी आत आलो. अक्कांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दार लोटलं. त्यांनी सांगितलं, आप्पांचा दोन वर्षांपूर्वी एक कान गेला, दिवाळीपासून दुसराही गेल्यात जमा होता. कारखान्यात कळलं तर चेकरचं काम जाणार. म्हणून आप्पा जॉब डाव्या हातात धरून उजव्या हातानं वाजवत आणि तळव्याला जे कळेल त्यावर खूण करत. "कुटं बोलू नगंस," अक्का म्हणाल्या. "त्यांस्नी दुसरं काय येत न्हाय."

मला दया यायला हवी होती. खरं सांगतो, राग आला. उद्या माझा शेवटच्या संधीचा पेपर, पाच महिने मी एका बहिऱ्या माणसापुढं थर्मोडायनॅमिक्स घोकत होतो, आणि पाठीवरच्या त्या खुणांच्या भरवशावर स्वतःला तयार समजत होतो. मामाची गिरणी कानात घरघरायला लागली.

संध्याकाळी मी मुद्दामच स्टुलावर बसलो. पाठीवर हात आला. मी ठणठणीत आवाजात सुरू केलं. गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर. कोल्हापूर, कागल, निपाणी. एसटीचे थांबे जाताना आणि येताना.

दुसऱ्या फेरीत आप्पा म्हणाले, "आज सांगत न्हाईस तू. भांडालायस. पाठ ताठ झालीया. काय झालं?"

मी वळलो आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणालो, "आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी कानावरचा खडू काढून खिडकीत ठेवला. "न्हाय येत," म्हणाले.

मग त्या खुणा कसल्या मारत होतात, असं मी विचारलं. माझा आवाज चढलाच असणार, आणि तो चढूनही काही उपयोग नव्हता. पण ओठांवरून त्यांना कळलं.

"म्या फुली मारायच्या आदी तुलाच कळत न्हवतं व्हय? अडलास की तूच थांबतोस. पाठ आकडती, दम अडकतो. जॉब सवताच वाजतोय लेका, मी नुस्तं टक्कन मारतो." मग ते हळू बोलले. "कारखान्यात नुस्ती तोंडं हालताना दिसत्यात. सांजंला तुमी पोरं बोलताय, तेवढंच माणसाचं बोलणं हाताला लागतंय. त्ये बंद करू नगंस."

मला माझीच लाज वाटली. मी पुन्हा पाठ करून बसलो आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. तीन ठिकाणी अडलो. तिन्ही वेळा आप्पांच्या आधी मला कळलं. उठलो, पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं, पुन्हा बसलो. अक्कांनी आमच्याभोवतीनं केर काढला, पण उठवलं नाही. शेवटी पाठीवर खडू फिरल्याचं जाणवलं.

दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून पेपरला गेलो. मागच्या बाकावरचा म्हणाला, पाठ पांढरी झालीय, झटकू का? म्हटलं, हात लावायचा नाही.

मे महिन्यात कारखान्यात सगळ्यांचे कान तपासले आणि आप्पांना गेटवर बसवलं. निकाल घेऊन मी जूनमधे टेंबलाईवाडीला गेलो, तेव्हा ते नुकतेच पाळीवरून आले होते. अंगात खाकी सदरा. कानावर खडू नव्हता. मला बघून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मला गुणपत्रिका दाखवता आली असती. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. थोड्या वेळानं तो खरखरीत हात पाठीवर आला.

"आप्पा, पास झालो." मोठ्यानं नाही, आपण घरात बोलतो तसंच मी म्हणालो.

हात तिथंच राहिला. मग मागून आवाज आला, "परत सांग."

मी परत सांगितलं.