एक अँटेना, चाळीस लाँची

नाटे गावात हारुन मुकादमांइतका वायरलेसमधला जाणकार दुसरा नाही, असं स्वतः हारुन मुकादमच सांगत. बावीस वर्षं मस्कतला रेडिओ सांभाळलेला माणूस! २००१ साली वाऱ्यानं मच्छीमार सोसायटीच्या केबिनवरच्या दोन अँटेनांपैकी एक आडवी केली, तेव्हा ते म्हणाले, "दुसरी हवी कशाला? एकीवरूनच बोलू नि ऐकू. मधे फिल्टर बसवतो. आपला आवाज समुद्रावर जाईल, लाँच चालवणाऱ्या तांडेलांचा आपल्या कानात येईल, दोघांची गाठ पडायची नाही."

महिनाभर खपून त्यांनी तांब्याच्या नळकांड्यांचा फिल्टर केला. सकाळी सातला लाँचींशी टेलिफोनसारखं बोलणं झालं. बटण दाबायची भानगडच नाही. माइक कायमचा चालू.

दुपारी मात्र हाका मारमारून घसा बसला, तरी पलीकडून खरखरच. "सेट मेला," हारुन म्हणाले.

तेवढ्यात त्यांची बायको साबेरा डबा घेऊन आली. "हमझाशेठना काय कळवायचं? त्यांच्या अद्नानसाठी आपल्या अलफियाला मागून आठवडा झाला."

"पोरगा सोन्यासारखा आहे," हारुन भाकरी मोडत म्हणाले. "पण बाप? तोंड उघडलं की नुसती भरती, ओहोटी नाहीच. त्या घरात पोर कशी द्यायची?"

"सोसायटीचे चेअरमन ते. नाही कसं म्हणणार?"

"सांगू, पोरीला पुढं शिकायचंय. मग गप बसतात माणसं."

त्यानंतर हमझाशेठच्या मेंदी लावलेल्या दाढीपासून घोरण्यापर्यंत सगळ्याचा समाचार झाला.

चार वाजता दार उघडलं. लाँचीवरून थेट आलेले, गुडघ्यापर्यंत भिजलेले हमझाशेठ आणि मागे सखाराम तांडेल. हमझाशेठ चक्क गप्प होते. सखाराम जमिनीकडे बघत म्हणाला, "हारुनभाय, दुपारपासून ओरडतोय, माइक बंद करा म्हणून. चाळीस लाँची ऐकत होत्या."

हारुननी नळकांड्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तापलेल्या पत्र्याखाली तांबं प्रसरण पावलं होतं, फिल्टरचं गणित सरकलं होतं. सेट मेला नव्हता. स्वतःच्याच आवाजानं बहिरा झाला होता. हारुननी आधी माइक बंद केला.

"पोरगा सोन्यासारखा, तेही ऐकलं," हमझाशेठ अखेर बोलले. "लाजून लाँचीत जाळ्यामागं बसलाय. माझ्याबद्दलचं म्हणाल, तर घरी बायको तेच म्हणते. निकाहाचं तेवढं सांगा."

इतक्यात धापा टाकत अलफिया आली.

"अब्बा, जेटीवर लाँचीचा वायरलेस ऐकून मालनमावशी म्हणाली, तुम्ही मला पुढं शिकवणार." तिनं पर्समधून घडी पडलेला कागद काढला. "मुंबईला एम.एस्सी.चा अर्ज. विचारायचा धीर होत नव्हता, महिनाभर जवळच आहे. तुमची सही हवी."

हारुननी साबेराकडे पाहिलं. तीही पोरीकडे नवल वाटल्यासारखी बघत होती. हमझाशेठनी खिशातलं पेन काढून पुढं केलं. "करा. दोन वर्षं थांबेल अद्नान. तिला तो पसंत असेल तर."

हारुननी सही केली. मग माइक खरंच बंद आहे ना, ते पुन्हा एकदा पाहिलं.