जुळ्यांचा डेमो प्लॉट

सणसरच्या सर्जेरावांसमोर दोन फॉर्म पडले होते आणि त्यांना जेवण जात नव्हते.

एक फॉर्म बारामतीच्या 'शिखर एलिट फुटबॉल सेंटर'चा. दुसरा इंदापूरच्या 'पहिली किक यूथ अकादमी'चा. निमगाव केतकीच्या शाळेतल्या स्पर्धेत त्यांच्या यशराजने एकाच सामन्यात चार गोल केले होते, आणि दोन्हीकडच्या प्रशिक्षकांनी सामना संपायच्या आत मैदानाच्या दोन टोकांकडून धावत येऊन सर्जेरावांच्या हातात एकेक फॉर्म दिला होता. दोन्ही फॉर्मांवर शेवटची ओळ सारखीच होती: या संस्थेत प्रवेश घेतल्यास दुसऱ्या कोणत्याही संस्थेत खेळता येणार नाही. मुदत पंधरा जून.

"तोवर दोन महिने सुट्टीची ट्रायल बॅच आहे. पाठवून बघा," असेही दोघांनी सांगितले होते.

"बारामतीला टाका की. वैष्णवी हाय तितं," सिंधुबाई भाकरी वाढत म्हणाल्या. वैष्णवी ही थोरली लेक, बारामतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती.

"ऐकीव गोष्टीवर मी काय करत न्हाय," सर्जेराव म्हणाले.

याला कारण होते. सहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी उसाची एक नवी जात चार एकरांत लावली होती. ऊस वाढला ताडमाड, आणि एका वाऱ्यात सगळा झोपला. गावात सर्जेराव तीन, म्हणून तेव्हापासून लोक त्यांना 'आडवे सर्जेराव' म्हणून वेगळे ओळखत. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली की यापुढे कोणतीही निवड डेमो प्लॉट केल्याशिवाय करायची नाही. शेजारी-शेजारी दोन तुकडे, सारखे बियाणे, सारखे पाणी, फरक फक्त एकाच गोष्टीचा, आणि बांधावर पाटी. घरातली पिठाची चक्कीसुद्धा त्यांनी दोन चक्क्यांवर सव्वा महिना दळून घेऊन मग निवडली होती.

"पर ऊस दोन तुकड्यांत लावता येतोय," सिंधुबाई म्हणाल्या. "पोरगं कसं लावणार?"

सर्जेरावांचा घास हातात राहिला. त्यांनी सावकाश मान वळवली. पडवीत यशराज भिंतीवर चेंडू मारत होता. त्याच्या शेजारी, त्याच नाकाचा, त्याच उंचीचा, त्याच मिनिटाला नव्हे पण अकरा मिनिटांनी जन्मलेला मल्हार एका कोकराला पाला चारत होता.

"एकाच बियाणाचं दोन प्लॉट," सर्जेराव पुटपुटले आणि पोटभर जेवले.

मल्हारने विरोध करून पाहिला. "पप्पा, मला न्हाय खेळायचा फुटबॉल. मी आबांसंगं मेंढरांमागं जाणार सुट्टीत."

"तुला खेळायला कोण सांगतंय? तू फकस्त प्लॉट हायस."

आबा म्हणजे सोनबा, सर्जेरावांचे वडील. तरुणपणी त्यांनी दोनशे मेंढ्यांचा कळप राखला होता. आता शेती आली, कळप गेला, पण हौस म्हणून चौदा मेंढ्या उरल्या होत्या. ते खांबाला टेकून सगळे ऐकत होते. "खूण काय करणार?" त्यांनी विचारले. "आमी मेंढराच्या पाठीवर रंग लावायचो."

"पोराच्या पाठीवर रंग लावला तर बघा!" सिंधुबाई आतून ओरडल्या.

शेवटी मनगटाच्या पट्ट्यांवर तडजोड झाली. यशराजला लाल पट्टा, प्लॉट अ, बारामती: सोमवार, बुधवार, शुक्रवार. मल्हारला निळा पट्टा, प्लॉट ब, इंदापूर: मंगळवार, गुरुवार, शनिवार. एक जण बसने जाईल तेव्हा दुसऱ्याने आबांबरोबर मेंढ्यांमागे जायचे. सणसर दोन्हींच्या मधोमध, त्यामुळे दोन्ही बस एकाच थांब्यावर मिळत, फक्त रस्त्याच्या दोन बाजूंना.

बाकी सगळे सारखे ठेवण्यात सर्जेरावांनी कसूर केली नाही. बूट एकाच खोक्यातले वाटावेत असे. झोप साडेनऊला. बारामतीच्या बुद्धघोष सरांनी मुलांना अंडी सुरू केली, की त्याच दिवशी प्लॉट ब ला अंडी. इंदापूरच्या अंजली मॅडमनी मुलांना अर्धा तास पाय वर करून झोपायला सांगितले, की प्लॉट अ चे पाय भिंतीवर. मे महिन्यात यशराजला सर्दी झाली तेव्हा मल्हारने दोन दिवस त्याच्या उशीवर झोपावे असा प्रस्ताव आला, तो सिंधुबाईंनी लाटण्यासह फेटाळला.

रोज दुपारी सर्जेराव दारात वही घेऊन उभे राहत. मनगट पुढे येई. "लाल. बारामती. चला." दुसऱ्या दिवशी, "निळा. इंदापूर. चला." मनगट बघून झाले की ते वहीत मान घालत.

वहीत चौदा रकाने होते. दोन्ही प्रशिक्षक दर आठवड्याला आकडे पाठवत आणि आकडे पाहून सर्जेराव गहिवरत. तीस मीटर धाव: अ, पाच पूर्णांक एक सेकंद, ब, पाच पूर्णांक एक. उभी उडी: दोघांची बेचाळीस सेंटिमीटर. तिसऱ्या आठवड्यात दोघांनाही उजव्या टाचेला फोड आला.

रविवारी वैष्णवी घरी आली तेव्हा त्यांनी अभिमानाने वही पुढे केली. तिने ती वाचली, मग मागची पाने वाचली, मग कपाळाला आठी घातली.

"पप्पा, हे आकडे बरोबर न्हाईत."

"का? फरक न्हाय म्हणून?"

"एवढा कमी फरक कधीच नसतो. दोन पोरांत थोडंफार इकडंतिकडं होतंच. हे एकाच पोराला दोनदा मोजल्यासारखं हाय."

"जुळी हायती. एकाच बियाणाची."

"फोडसुद्धा?"

"माती एकच हाय गं."

"बरं, आणि कंट्रोल कुठाय?" वैष्णवीने वही मिटली. "तुमीच सांगता ना, एक तुकडा काहीच न घालता ठेवायचा. खत न्हाय, फवारा न्हाय. त्याच्याशी ताडून बघायचं. मग कळतं, खतानं वाढला का आपसूक वाढला."

हे वर्मी लागले. कंट्रोल प्लॉट विसरणे म्हणजे सर्जेरावांच्या लेखी मुलाचे नाव ठेवायला विसरण्यासारखे होते. ते रात्रभर तळमळले, सकाळी सिंधुबाईंना म्हणाले, "अजून एक पोरगं पायजे व्हतं." सिंधुबाईंनी चहाचा कप त्यांच्यापासून लांब ठेवला.

कंट्रोल मिळणे शक्य नव्हते. तेव्हा कापणी तरी नीट व्हावी म्हणून सर्जेरावांनी दोन्ही प्रशिक्षकांना गळ घातली: दोन्ही प्लॉट एकाच दिवशी, एकाच मैदानावर मोजा. सणसर नको, घरचे मैदान होईल. निमगाव केतकी ठरले. प्रशिक्षक लगेच कबूल झाले, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची जिरवायची होती. बुद्धघोष सर सहा मुले घेऊन आले, अंजली मॅडम सहा. अख्खे घर टेम्पोत बसून गेले. आबा, सिंधुबाई, वैष्णवी आणि टेपने मैदान मोजणारे सर्जेराव. त्यांनी दोन्ही मुलांच्या छातीवर पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवल्या होत्या: 'प्लॉट अ' आणि 'प्लॉट ब'.

टेम्पोत जुळ्यांची तोंडे बघण्यासारखी झाली होती. यशराजने तीनदा पोट दुखत असल्याचे सांगितले. मल्हार चौथ्यांदा म्हणाला, "मी घरी राहतो की. एक मेंढी व्यायला आलीय."

"मेंढ्या जूनमधी व्यायच्या न्हाईत," आबा म्हणाले आणि मिशीत हसले.

परीक्षा साधी होती. चुन्याच्या दोन रेघा, मध्ये वीस मीटर. मोबाइलवर बीप वाजते, वाजायच्या आत पलीकडच्या रेघेवर पोहोचायचे. दर मिनिटाला बीप लवकर वाजू लागते. मागे पडला तो बाद.

चौदा मुले सुटली. पाच मिनिटांनी नऊ उरली. सातव्या मिनिटाला बारामतीची दोन आणि इंदापूरची दोन मुले गवतावर पसरली. यशराज नवव्या मिनिटापर्यंत टिकला आणि गुडघ्यांवर हात ठेवून थांबला.

"उत्तम! हा आमचा!" बुद्धघोष सर ओरडले.

दहाव्या मिनिटाला धावणारा एकच होता. प्लॉट ब. त्याने बूट केव्हाच काढून टाकले होते. तो अनवाणी, हात सैल सोडून, तोंडाने 'हुर्र, हुर्र' असा बारीक आवाज करत जात होता आणि येत होता, जणू पुढे काहीतरी हाकतो आहे. अकरावे मिनिट गेले. बारावे गेले. बुद्धघोष सरांची शिट्टी तोंडातून गळून दोरीवर लोंबू लागली. तेराव्या मिनिटाला मोबाइलची बॅटरी संपली. बीप थांबली. मल्हार थांबला नाही.

"बास रं!" आबांनी हाक घातली, तेव्हा तो थांबला. त्याला घामही बेताचाच आला होता.

अंजली मॅडमच्या डोळ्यांत पाणी होते. "बघितलंत? इंदापूरचं ट्रेनिंग! हा माझा मल्हार. एक दिवस खाडा नाही पोराचा!" त्यांनी चेंडू मल्हारच्या डोक्याच्या दिशेने उंच उडवला. "मल्हार, दाखव यांना तुझं हेडिंग!"

मल्हारने चेंडूकडे बघितले. चेंडू खाली आला. त्याने तो अलगद दोन्ही हातांनी झेलला, कोकरू धरावे तसा काखेत घेतला आणि त्याच्यावरून हात फिरवला.

अंजली मॅडम दोन पावले जवळ आल्या.

"मल्हार," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मला ओळखतोस ना बाळा?"

"न्हाय," मल्हार म्हणाला. तो स्वभावाने खरा होता. "पर यशा लय नाव काढतो तुमचं."

यशराज रडायलाच लागला. "पप्पा, त्याला जायचं नव्हतं आन् मला दोन्हीकडं जायचं व्हतं. बारामतीत पास शिकवतेत, इंदापुरात हेडिंग. म्हणून मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी आमी पट्टं बदलायचो."

"म्हणजे मी दोन महिने तुला मल्हार म्हणत होते?" अंजली मॅडम.

"आणि माझा मुलगा तुमच्याकडे हेडिंग शिकत होता?" बुद्धघोष सर.

"तुमचा कसा? हजेरीत आमच्याकडं आहे!"

"हजेरीत मल्हार आहे! मल्हारला चेंडू कशाला म्हणतात ते माहीत नाही!"

सर्जेराव चुन्याच्या रेघेवर मटकन बसले. प्रशिक्षकांचे भांडण त्यांना ऐकूच येत नव्हते. त्यांच्यासमोर दोन महिन्यांची वही पडली होती, आणि दोन खते एकाच सरीत पडली होती. "म्हंजे प्लॉट ब ला काय घातलंच न्हाय?"

"न्हाय," वैष्णवी त्यांच्याशेजारी बसली. तिचे डोळे चमकत होते. "पप्पा, तो कंट्रोल हाय. आणि सगळ्यात जास्त तोच आला."

सर्जेरावांनी वर बघितले. मग आबांकडे. "आबा, तुमाला म्हाईत व्हतं?"

"दोनशे मेंढरांची तोंडं वळखायचो मी. दोन नातवांची वळखू येत न्हाईत व्हय?"

"सिंधू, तुला?"

"मी आई हाय त्यांची," सिंधुबाई म्हणाल्या. "माझ्या भाकरीला कोण हात पुढं करतंय ते मला मनगटावरनं कळावं व्हय?"

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तू इच्यारलंस कुठं?" आबा म्हणाले. "तू पट्टा बघत व्हतास. तोंड कवा बघितलंस?"

सर्जेराव उठले. कपड्यांना लागलेला चुना त्यांनी झटकला नाही. यशराजच्या पुढ्यात जाऊन त्यांनी चौदा रकान्यांत नसलेला प्रश्न विचारला. "तुला कुठं जायचंय?"

यशराजने नाक पुसले. "इंदापूरला."

"का?"

"तितं मी मल्हार असतो. चार गोल मारणारा यशराज म्हणून कुणी बघत न्हाय. चुकलं तरी कायच वाटत न्हाय. मल्हार लय भारी खेळतो, पप्पा."

"व्हय," मल्हार समाधानाने म्हणाला. "मी हायच भारी."

पंधरा जूनला फॉर्म भरला गेला. मॅडमनी हजेरीतले नाव बदलले, पण मैदानावर सगळे यशराजला मल्हारच म्हणत राहिले. खऱ्या मल्हारचा नाद मात्र दोन्ही प्रशिक्षकांनी सोडला नाही. त्याने "मेंढरं कोण बघंल?" एवढेच उत्तर दिले. तेव्हा बुद्धघोष सरांनी त्याच्या अंगात धाव मोजणाऱ्या यंत्राचे जाकीट घालून त्याला एक दिवस मेंढ्यांमागे सोडले आणि संध्याकाळी आकडा बघून यंत्र दुरुस्तीला पाठवले. यंत्र चांगले असल्याचा निरोप आला.

आता दर रविवारी सणसरला दोन गाड्या येतात, एक बारामतीची, एक इंदापूरची. चोवीस मुले आबांच्या चौदा मेंढ्यांमागे कालव्याच्या कडेने धावतात. मेंढ्यांची दमछाक होऊ नये म्हणून आबा एका वेळी एकाच संस्थेला परवानगी देतात, आणि पहिला मान कुणाचा यावरून दोन्ही प्रशिक्षक पहाटेपासून दारात उभे असतात. सर्जेरावांनी यावर डेमो घेऊ असे एकदा सुचवले होते. आबांनी नुसते बघितले. विषय संपला.

अशाच एका रविवारी सर्जेराव पडवीत बसले होते. अंगणात दोघे पाठमोरे उभे होते, दोघेही अनवाणी, मनगटे मोकळी. त्यांनी हाक मारली, "मल्हार!"

दोघांनी ओ दिली.

सर्जेरावांचा हात सवयीने खिशातल्या निळ्या पट्ट्याकडे गेला. तिथेच थांबला. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने नीट पुसला, परत घातला, आणि अंगणात उतरून जवळ जाऊन दोघांची तोंडे बघू लागले.