काटेमास्तरांचा बावनकशी दंड

काटेमास्तरांना खरं नाव होतं, पण ते फक्त लाइटबिलावर दिसायचं. बीपीची मशीनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. दंडाला बांधायचा पट्टा, हवा भरायचा रबरी फुगा आणि गोल तबकडीवर डुगडुगणारा काटा, अशी मशीनं. म्हणून काटेमास्तर! दुरुस्त केलेलं मशीन बरोबर दाखवतंय का, हे पाऱ्याच्या उभ्या नळीशी ताडून बघायचं असतं. सगळं जग तसंच बघतं. मास्तर बघत नसत.

"पारा कशाला? हा दंड आहे ना!" डावी बाही वर सारत मास्तर सांगायचे. "बावीस वर्षं एकशेवीस-ऐंशी! एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. मशीन माझ्या दंडाला बांधायचं. काटा एकशेवीस-ऐंशी म्हणाला तर मशीन शहाणं, नाहीतर मशीन गाढव!"

आणि बावीस वर्षं हे खरंच जमून गेलं होतं, हे कबूल करायला हवं. पाऱ्याची नळी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर पडली होती.

मग इस्पितळाकडून एकदम चाळीस मशीनं आली. दहा दिवसांनी तपासणी शिबिर होतं, त्याआधी सगळी हवी होती. मास्तरांनी छातीठोकपणे होकार दिला. अडचण एकच होती. दुपारी जेवण झालं की मास्तरांना अशी झोप यायची, की स्क्रू बोटांत आणि कपाळ तबकडीवर!

"अहो, अर्धा तास आडवे व्हा," बायको म्हणाली.

"मी आडवा झालो तर शिबिर आडवं होईल!"

समोरच्या दुकानदाराने उपाय काढला. एक उंच, काळा डबा त्याने मास्तरांच्या हातात दिला. "एनर्जी ड्रिंक. घ्या मास्तर, झोप दाराबाहेर चपला घालून उभी राहील!"

राहिली की! खोटं का बोला? पहिल्या डब्याने मास्तरांचं डोकं लख्ख झालं, हात भराभर चालू लागला, संध्याकाळपर्यंत पाच मशीनं खोलून, पुसून, जोडून तयार. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दोन डबे घेतले. एकाने पाच होतात तर दोनाने दहा, हा हिशेब त्यांना बिनतोड वाटला. पाचव्या दिवसापासून चार डबे. दिवसाला एकच प्या, रक्तदाब आणि हृदयाचा त्रास असेल तर पिऊच नका, असं डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. मास्तरांच्या डोळ्याला भिंग लावलेलं असायचं, त्यातून मोहरीएवढा स्क्रू दिसायचा. डबा वाचायला मात्र सवड नव्हती.

रात्रीची झोपही उडाली. जिना चढताना छातीत धडधड, चहाचा कप धरला की बशीत टकटक. मास्तर म्हणाले, "अंगात जोर आलाय, जोर!"

नवव्या दिवशी चाळीस मशीनं ओळीने मांडून मास्तरांनी पहिलं मशीन दंडाला बांधलं. काटा म्हणाला, एकशेपन्नास! दुसरं मशीन, एकशेबावन्न! तिसरं, चौथं, दहावं... सगळी तेच!

"बघ, काय गाढवांची फौज पाठवलीय माझ्याकडे!" मास्तर ओरडले.

बायकोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "अहो, चाळीसच्या चाळीस एकाच वेळी कशी बिघडतील? तुमचा हात बघा, कसा थरथरतोय. ती नळी काढू का खाली?"

"बावीस वर्षांत माझा दंड चुकला नाही, तो आज चुकेल?" मास्तरांनी आणखी एक डबा फोडला आणि चाळीसही मशीनांचे आतले स्क्रू फिरवून काटे मागे आणले. प्रत्येक मशीन दंडाला बांधून एकशेवीस-ऐंशी म्हणायला लावलं. मशीनं बिचारी म्हणाली.

शिबिर थाटात झालं. त्या दिवशी मास्तरांचे थोरले भाऊ, दादा, तिथून चक्क शीळ घालत आले. दादा याच घरात वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. बीपीची गोळी पंधरा वर्षं चालू होती.

"अरे, एकशेतीस आलं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी अर्धी करू. तुझ्या हातची मशीनं रे! एकदम बिनचूक!"

दादांनी पाठीवर थाप मारली. मास्तरांना इतका आनंद झाला, की ते तेवढ्यावर एक डबा प्यायले. काम संपलं होतं, पण डबे सुटत नव्हते. न प्यावं तर डोकं ठणकायचं.

आठवड्याने, सकाळी अकराला, कामाच्या टेबलापाशीच मास्तरांची छाती उसळायला लागली. घाम फुटला. बायकोने रिक्षात घालून त्यांना इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, काटा बघितला आणि हसल्या.

"एकशेवीस-ऐंशी! मास्तर, तुम्ही तर ठणठणीत आहात."

"हुश्श!" बायको म्हणाली.

मास्तरही हुश्श म्हणणार होते. तेवढ्यात त्यांची नजर तबकडीवर गेली. स्क्रू फिरवताना त्यांच्याच हातून पडलेला ओरखडा तिच्यावर होता. मास्तर पांढरेफटक पडले.

"बाई, ते मशीन गाढव आहे," ते पुटपुटले. "नाही... गाढव मी आहे. सगळीच्या सगळी तीस-तीसने कमी दाखवतायत!"

मग त्यांनी डब्यांचं सगळं सांगितलं. बाईंचं हसू मावळलं. "धडधाकट माणसाला एखादा डबा चालून जातो. तुम्ही चार-चार प्यायलात? त्यात कॅफीन किती, साखर किती! तुमचं बीपी चढलं आणि तुम्ही मशीनं उतरवलीत?" त्या एकदम थांबल्या. "शिबिरात ज्यांच्या गोळ्या कमी केल्या..."

"दादा!" मास्तर पट्ट्यासकट उठले.

घरी फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. ते पोचले तेव्हा दादा आरामखुर्चीत होते. पेपर खाली पडलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं. मास्तरांना बघून ते काहीतरी बोलले, पण शब्द एकही नव्हता. आपल्याला बोलताच येत नाही, हे दादांना कळत होतं. ते डोळे मास्तर अजून विसरलेले नाहीत.

दादा वाचले. उजवा हात गेला. चाळीसही मशीनं परत आली, शिबिरातल्या माणसांना पुन्हा बोलावणी गेली, आणि इस्पितळाचं काम मास्तरांना कायमचं बंद झालं. डबेही बंद. पहिला आठवडा मास्तर डोकं धरून बसले, पण त्याबद्दल ते कोणाकडे कण्हले नाहीत. कण्हायला तोंड कुठं होतं?

आता पाऱ्याची नळी दादांच्या खोलीत असते. मास्तर रोज सकाळी दादांचं बीपी मोजतात आणि गोळी पुढं करतात. महिन्याभराने एक दिवस दादांनी डाव्या हाताने मास्तरांच्या दंडाकडे बोट दाखवलं.

"तु... तुझं."

मास्तरांनी पट्टा बांधला, कानाला स्टेथोस्कोप लावला, पारा हळूहळू उतरू दिला. एकशेवीस-ऐंशी! एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. मांडीवर पडलेल्या दादांच्या उजव्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांना इतकी शरम वाटली, की ते घाईघाईने पट्टा सोडायला लागले.

"कि... किती?"

"एकशेवीस-ऐंशी, दादा."

दादा अर्ध्या तोंडाने हसले.

"परत मोज," ते म्हणाले. महिन्यातलं त्यांचं पहिलं न अडखळलेलं वाक्य!

मास्तरांनी परत मोजलं.